वीरा साथीदार : पडद्यावरचा आणि रस्त्यावरचा लोकशाहीर

चित्रपट अभिनेता म्हटले की आपल्यासमोर पोस्टर आणि पुरस्कार सोहळे येतात. वीरा साथीदार या चौकटीत बसत नाहीत. ते आधी आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते होते, अभिनेते नंतर झाले. कष्टकरी कुटुंबात वाढलेल्या साथीदारांची कर्मभूमी नागपूर. त्यांनी कापड गिरणीत काम केले, कामगारांच्या लढ्यात भाग घेतला आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादन केले.

२०१४ साली चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ या चित्रपटात त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळे ही भूमिका केली. नारायण कांबळेंचे गाणे ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांना भर कार्यक्रमातून अटक होते. पुढे मृत कामगाराची पत्नी साक्ष देते. सुरक्षेची साधने मिळत नव्हती. गटारातून झुरळ बाहेर येते का, हे पाहून तो आत हवा आहे की नाही ते ओळखायचा. म्हणजे खरा प्रश्न गाण्याचा नव्हता, व्यवस्थेचा होता. चित्रपटातील शाहिरी गीते संभाजी भगत यांची आहेत.

साथीदार पडद्यावर फार बोलत नाहीत. कोर्टात ते शांत उभे राहतात. पण मंचावर डफाच्या साथीने गायला लागले की हा माणूस अभिनय करतो आहे असे वाटत नाही, कारण ते जीवन त्यांनी जवळून जगले होते.

‘कोर्ट’ला व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ साली भारतातर्फे ऑस्करसाठी त्याची निवड झाली. एवढ्या यशानंतरही साथीदार चळवळीतच राहिले.

१३ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने नागपुरात ते कालवश झाले.

हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात माणसे मरतच आहेत. आमच्या कशेळी-भिवंडी परिसरात यंत्रमाग, गोदामे आणि सफाईच्या कामावर आपलीच मुले राबतात. म्हणून आम्हाला वाटते, यंदाच्या जयंतीत एक संध्याकाळ डीजे बंद ठेवून विहारात ‘कोर्ट’ दाखवावा. नंतर तरुणांनी एकच प्रश्न चर्चेला घ्यावा : आपल्या वस्तीतील गटारात कोण उतरतो, आणि त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

वीरा साथीदार यांना हेच खरे अभिवादन ठरेल. जयभीम!