लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रियेचा गृहसराव

लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रियेचा गृहसराव म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला लागणारे हस्तकौशल्य निवासी डॉक्टरांनी रुग्णालयाबाहेर, सरावपेटीच्या साहाय्याने आत्मसात करणे. भारतात या पद्धतीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली.

या शस्त्रक्रियेत पोटावर साधारण ५ ते १२ मिलिमीटरची छिद्रे पाडून लांब दांड्याची अवजारे आत घालतात. अवजार छिद्रापाशी तरफेप्रमाणे टेकते. त्यामुळे हात डावीकडे नेला की आतील टोक उजवीकडे जाते. पडद्यावरील चित्र सपाट असल्याने खोलीचा अंदाज येत नाही, स्पर्शही पुरेसा कळत नाही. खुल्या शस्त्रक्रियेत मुरलेला हातही येथे प्रारंभी अडखळतो. ही उलटी चाल अंगवळणी पडेपर्यंतची चाचपड रुग्णाच्या पोटात होऊ नये, हा सरावपेटीचा मूळ हेतू होय.

== सरावपेटी ==
बंद पेटी, अवजारांसाठी छिद्रे, आत दिवा व कॅमेरा एवढीच तिची रचना असते. घरी पुठ्ठ्याचे खोके आणि मोबाइलचा कॅमेराही पुरतो. अवजारे मिळवणे मात्र तितके सोपे नसते. अमेरिकेत शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रासाठी आवश्यक असलेल्या 'फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी' या परीक्षेतील पाचही प्रात्यक्षिके अशाच पेटीत होतात. खुंट्यांवरील सहा वस्तू एका चिमट्यातून दुसऱ्यात अधांतरी देणे, गॉजवर आखलेले वर्तुळ कापणे, फास आवळणे आणि दोन प्रकारे टाके घालून गाठ मारणे, असे त्यांचे स्वरूप आहे. पेटीच्या आतच गाठ मारणे हे त्यांतील सर्वांत कठीण समजले जाते. त्यासाठी आठवड्यातून एकदा दीर्घकाळ बसण्यापेक्षा रोज थोडा वेळ दिलेला अधिक उपयोगी पडतो, आणि ही सवड रुग्णालयातील पाळ्यांपेक्षा घरी सहज मिळते.

== मर्यादा ==
पेटीला रक्तस्राव होत नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील सर्वांत गंभीर इजा, म्हणजे मुख्य पित्तनलिका कापली जाणे, ही बहुधा हात चुकल्याने नव्हे, तर तिलाच पित्ताशयाची नलिका समजल्याने होते. ही ओळख, तसेच विद्युत् उपकरणांचा सुरक्षित वापर, कॅमेरा धरणाऱ्या सहकाऱ्याशी मेळ आणि खुल्या शस्त्रक्रियेकडे केव्हा वळावे याचा निर्णय, या गोष्टी वरिष्ठांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियागृहातच शिकाव्या लागतात. घरी चूक दाखवणारे कोणी नसल्याने सुई धरण्याची सदोष पद्धतही पक्की होऊ शकते. म्हणून सरावाचे चित्रीकरण करून ते प्रशिक्षकाला दाखवण्याची पद्धत आहे. केवळ घड्याळ लावून केलेल्या सरावात वेग वाढतो. गाठ सैल राहिली की नाही, हे घड्याळ सांगत नाही.