एकदा फ्लू होऊन गेला, आता पुन्हा होणार नाही? जाणून घ्या अँटीबॉडीचं गणित

पावसाळा लागला की गावोगावी सर्दी, खोकला, तापाचे पेशंट वाढतात. अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर पडतं, “मला मागं स्वाईन फ्लू होऊन गेलाय, आता काही होत नाही.” या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण त्यावर विसंबून राहणं अंगाशी येऊ शकतं.

अँटीबॉडी काय करतात?

फ्लूच्या विषाणूवर एच आणि एन अशी दोन प्रकारची प्रथिनं असतात. एचच्या मदतीनं विषाणू आपल्या पेशीला चिकटतो, तर एनमुळे तयार झालेले नवे विषाणू पेशीतून सुटून पसरतात. एच१एन१, एच३एन२ ही नावं यावरूनच पडली. आजार झाल्यावर शरीर या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी म्हणजेच प्रतिपिंडं बनवतं. एचवरच्या अँटीबॉडी विषाणूला पेशीत शिरू देत नाहीत. एनवरच्या अँटीबॉडी त्याचा फैलाव रोखतात, त्यामुळं आजार सौम्य राहायला मदत होते.

मग फ्लू पुन्हा का होतो?

गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. फ्लूचं तसं नाही. हा विषाणू सतत थोडाथोडा बदलतो आणि जुन्या अँटीबॉडीला तो नीट ओळखू येत नाही. शिवाय काळ जाईल तसं अँटीबॉडीचं प्रमाणही कमी होतं. ‘ए’ प्रकारचा फ्लू झाला म्हणून ‘बी’ प्रकारापासून बचाव होईल, असंही नाही.

जुना आजार कामाला कधी आला?

१९५७ च्या साथीत एच२एन२ विषाणू होता. १९६८ मध्ये एच३एन२ आला. त्यात एच नवीन, पण एन जुनाच होता. त्यामुळं आधीच्या अँटीबॉडीचा अनेकांना काही प्रमाणात आधार मिळाला.

२००९ मध्ये स्वाईन फ्लूची साथ आली, तेव्हा पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. त्या साथीत तरुणांच्या मानानं वयस्कर लोकांना लागण कमी झाली. अमेरिकेतल्या तपासणीत साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांत या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी आढळल्या. लहानपणी आलेल्या तशाच विषाणूची ती पुण्याई होती. मात्र ज्या वयस्करांना लागण झाली, त्यांच्या जिवाला धोका जास्तच होता.

लहानपणीचा पहिला फ्लू

शरीर पहिल्या फ्लूची आठवण सर्वांत घट्ट धरून ठेवतं. १९६० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी ही गोष्ट मांडली. याची दुसरी बाजूही आहे. नवा विषाणू आला तरी शरीर कधीकधी जुन्याच ओळखीच्या अँटीबॉडी जास्त बनवतं आणि नव्याविरुद्धची तयारी कमी पडते.

फ्लू झालेल्यांनी लस घ्यावी का?

हो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते. म्हणून फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळं साथ येण्याआधी घेतलेली बरी. गरोदर महिला, ६५ वर्षांवरील नागरिक, तसंच शुगर, दमा, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, पण गरोदरपणात आईनं घेतली तर तिच्या अँटीबॉडी बाळाला मिळतात.

हे लक्षात ठेवा

• धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, बाळानं दूध न पिणं, असं काही दिसलं तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.
• फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं.
• अँटिबायोटिक गोळ्यांनी फ्लूचा विषाणू मरत नाही. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका.
• लशीच्या उपलब्धतेबाबत आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

मागचा फ्लू आधार देतो, हमी देत नाही. “मला झालाय” म्हणून ताप अंगावर काढू नका.