राजाचं मंदिर, गावाचा खांब

मी वसईचा. किल्ल्यात फिरायला जाणं ही माझी जुनी सवय. हा किल्ला म्हटला की चिमाजी अप्पांचं नाव ओठावर येतं, आणि ते योग्यच आहे. पण १७३९ च्या त्या वेढ्यात मल्हारराव होळकरही होते, हे आपण विसरतो. धनगराच्या घरात जन्मलेल्या या माणसानं पुढे माळव्यात राज्य उभं केलं. आज मला याच होळकरांच्या गादीवर दोनशे वर्षांनी बसलेल्या एका राजाची आणि दूरच्या रुमानियातल्या एका मेंढपाळ पोराची हकिगत सांगायची आहे.

कॉन्स्तांतिन ब्रांकूश १८७६ साली कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी होबित्सा नावाच्या खेड्यात जन्मला. लहानपणी त्यानं मेंढ्या राखल्या, लाकूड कोरायला शिकला. १९०४ मध्ये तो पॅरिसला पोचला. रोदँसारख्या थोर शिल्पकाराच्या हाताखाली काम मिळालं, पण थोड्याच दिवसांत ते सोडून त्यानं आपली वाट धरली. त्यानं पक्षी घडवला. त्याला चोच नाही, पंख नाहीत, नुसती झेप आहे. १९२६ साली अमेरिकेच्या जकातवाल्यांनी त्याला कलाकृती मानायला नकार दिला आणि धातूच्या वस्तूचा कर लावला. दोन वर्षांनी न्यायालयानं ब्रांकूशच्या बाजूनं निकाल दिला.

असे तीन पक्षी इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी घेतले. एक धातूचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. आत पाण्याचं कुंड, वरून उतरणारा उजेड आणि भोवती हे तीन पक्षी, अशी कल्पना होती. मी मशिदीच्या हौदावर वजू करणारा माणूस. पाण्याच्या काठी मन कसं थांबतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

१९३७ मध्ये महाराणी संयोगितादेवींचं निधन झालं. १९३८ च्या जानेवारीत ब्रांकूश इंदुरात होता. पण मंदिराचं काम सुरूच झालं नाही. तो रिकाम्या हातानं परतला. पुढे संस्थान विलीन झालं, महाराजही गेले आणि पक्षी विकले गेले. दोन संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत, तिसरा अमेरिकेत कॅलिफोर्नियात.

पण त्याच वर्षांत ब्रांकूशच्या हाती आणखी एक काम होतं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, रुमानियातल्या तर्गू जिऊ या गावाच्या लोकांनी नदीच्या पुलावर जर्मन फौजेला तोंड दिलं होतं. त्या लढाईतल्या मृतांचं स्मारक तिथल्या महिला संघटनेला हवं होतं. ब्रांकूशनं मेहनताना घेतला नाही. दगडी मेज, दगडी दार आणि सुमारे २९ मीटर उंचीचा ओतीव लोखंडाचा 'अनंत स्तंभ' त्यानं उभा केला. स्तंभाचे भाग कुठे घडले? जवळच्या कोळसा खाणींच्या कारखान्यात, कामगारांच्या हातून. २७ ऑक्टोबर १९३८ रोजी स्मारक लोकांच्या स्वाधीन झालं.

मग सत्ता बदलली. कम्युनिस्ट राजवटीला असली कला मानवेना. १९५० च्या सुमारास हा स्तंभ भंगारात काढण्यासाठी ट्रॅक्टर लावून ओढला, पण तो पडला नाही, असं सांगतात. ब्रांकूशनं आपली पॅरिसमधली कार्यशाळा मायदेशाला देऊ केली, ती सरकारनं १९५१ मध्ये नाकारली. शेवटी ती फ्रान्सला मिळाली. १९५७ मध्ये तो पॅरिसलाच वारला. कामगारांच्या नावानं राज्य करणाऱ्यांना कामगारांनी ओतलेला खांब नकोसा व्हावा, याला काय म्हणावं?

१९८९ मध्ये ती राजवट कोसळली. २०१५ पासून १९ फेब्रुवारी, ब्रांकूशचा जन्मदिवस, तिथे राष्ट्रीय दिन झाला. २०२४ मध्ये तर्गू जिऊचं स्मारक जागतिक वारशाच्या यादीत आलं. मात्र सगळं गोडच झालं असं नाही. २०१६ मध्ये त्याचं एक शिल्प विकत घेण्यासाठी सरकारनं जनतेकडे ६० लाख युरोंची वर्गणी मागितली. ती त्याच्या जवळपासही जमली नाही. अभिमान बाळगणं सोपं, खिशात हात घालणं कठीण. हे काय फक्त रुमानियातच घडतं?

राजासाठी योजलेलं मंदिर कागदावर राहिलं. गावाच्या दुःखासाठी ओतलेला खांब ओढूनही पडला नाही. मी कविता लिहितो, तेव्हा ती कुणासाठी लिहितो, हे त्या खांबामुळे मला स्वतःला विचारावंसं वाटतं.

मल्हाररावांनी ज्या तटाला वेढा घातला, त्याच्या फटींत आज पिंपळ रुजले आहेत. सुट्टीच्या दिवशी काही मुलं येऊन ती झुडपं काढतात. मागच्या खेपेला त्यांच्यातल्या एकानं माझ्या हातात कोयता दिला. म्हणाला, "चाचा, नुसते बघत काय उभे?"