जुन्या धनुष्याची झिलई : काय पुसावे, काय राखावे

जुने लाकडी धनुष्य हाती आले की आधीच्या मालकाचे नाव, शाईचे आकडे आणि उडालेले व्हार्निश प्रथम नजरेत भरते. खुणा पुसण्यामागे कधी नियमाचेही कारण असते. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार ‘बेअरबो’ प्रकारात मुठीवरील खाचेच्या भागात नेम धरण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही खूण चालत नाही. मात्र खूण पुसताना झिलईखालचे लाकूड दुखावता कामा नये.

धनुष्य ओढले असता लक्ष्याकडील बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. धनुर्धराकडील बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. एकसंध लाकडाच्या धनुष्याची पाठ बहुधा वाढीच्या एकाच वलयाने झाकलेली असते. घासताना ते वलय कापले गेले, तर तेथून ढलपी उठते व धनुष्य मोडू शकते. एकच भुजा अधिक घासली गेल्यास ती जास्त वाकू लागते आणि तोल बिघडतो. फायबरग्लासचा थर असलेल्या धनुष्यात घासणे तंतूंपर्यंत पोहोचू नये. त्याची धूळ त्वचेस व फुप्फुसांस अपायकारक असल्याने मास्क लावून, पाणी वापरून घासावे.

प्रारंभी दोरी उतरवावी. व्हार्निशवरील शाई आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापडाने पुसावी. त्यापूर्वी नजरेआडच्या जागी चाचणी घ्यावी. व्हार्निशखालील खुणेसाठी ४०० व नंतर ६०० क्रमांकाचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने हलका फिरवावा. शाई लाकडात मुरली असल्यास खोल न घासता गडद रंगछटेखाली झाकावी. रंग काढण्याची रसायने व उष्ण हवेचे यंत्र टाळावे. त्यांनी थरांमधील चिकटद्रव्य सैल होऊ शकते.

नवा लेप पातळ व लवचिक हवा. ठिसूळ लेपास वाकताना तडे जातात. उकळलेले जवसाचे तेल वापरल्यास त्याची फडकी चुरगळून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात; पसरून वाळवावीत.

पोटावर मुठीजवळ लिहिलेले आकडे पुसण्यापूर्वी टिपून ठेवावेत. ‘२८ इंचांवर ४५ पौंड’ याचा अर्थ, बाण २८ इंच ओढल्यास ४५ पौंड जोर लागतो. बाणाचा ताठपणा या जोरावर, तर दोरीची लांबी धनुष्याच्या लांबीवर ठरते. ही नोंद हरवली, तर सारे पुन्हा मोजावे लागते.

शिंग, लाकूड व स्नायुतंतू सरसाने जोडून केलेल्या जुन्या संयुक्त धनुष्यास मात्र घरी हात लावू नये. पाण्याने सरस सुटतो आणि रंगकामासह त्यावरील शस्त्रागाराची खूणही नष्ट होते. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते. तेथे खूण हाच इतिहासाचा पुरावा असतो. अशा धनुष्याचे जतन तज्ज्ञांवरच सोपवावे.