नऊशे वर्षांचा पूल आणि त्याची डागडुजी

आजचा एपिसोड एका पुलाबद्दल. जर्मनीत डॅन्यूब नदीकाठी रेगेन्सबुर्ग नावाचं शहर आहे. तिथला पूल बघायला मी मुद्दाम गेलो होतो. पुलाचं नाव अगदी साधं आहे, ‘दगडी पूल’. लांबी तीनशे मीटरहून थोडी जास्त, मुळात सोळा कमानी. बांधकाम ११३५ ते ११४६. म्हणजे आपल्याकडे देवगिरी यादवांची राजधानी व्हायच्याही आधी हा पूल वापरात होता.

पुलावर एका छोट्या माणसाचा पुतळा आहे. डोळ्यांवर हात धरून तो शहराकडे बघतोय. त्याची गोष्ट अशी, की पूल बांधणारा आणि तिथलं मोठं कॅथेड्रल बांधणारा यांच्यात पैज लागली, आधी कोण पूर्ण करतो? पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली. बदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव द्यायचे ठरले. पूल झाल्यावर गड्याने कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पुढे सोडला!

गोष्ट झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. आज उभं असलेलं कॅथेड्रल तेराव्या शतकातलं, पूल तर त्याच्या शंभरेक वर्षं आधीच पूर्ण झालेला.

मग सैतान नव्हता तर पूल टिकला कसा? खाली उतरून पाहिलं तर प्रत्येक खांबाभोवती होडीच्या आकाराचं दगडी बेट दिसतं. पाण्याने पाया खरवडला जाऊ नये म्हणून ही बेटं. पण त्यांच्यामुळे नदीची वाट अरुंद होते, प्रवाह जोरात येतो आणि बेटांनाच झिजवतो. त्यामुळे ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागत. हे काम कधी संपणारं नव्हतंच. म्हणून पुलाला स्वतंत्र कारभारी होता, पुलाचा स्वतःचा शिक्का होता. ११८२ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने पुलाला सनदही दिली.

तरी संकटं आलीच. १७८४ मध्ये नदीतून वाहत आलेल्या बर्फाने मधल्या बुरुजाची वाट लावली. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा जवळ आल्या, तेव्हा जर्मन सैन्यानेच पुलाचा काही भाग उडवला. तो पूर्ववत व्हायला १९६७ उजाडलं. पुढे गाड्या बंद केल्या, २००८ मध्ये बसही. मुरणारं पाणी आणि रस्त्यावर टाकायचं मीठ दगड खात होतं. मग २०१० ते २०१८ मोठी दुरुस्ती झाली. गंमत बघा, बांधायला अकरा वर्षं आणि नुसत्या दुरुस्तीला आठ!

आम्ही सॉफ्टवेअरवाले नवीन फीचर लाँच झालं की केक कापतो. जुनं सिस्टिम रोज चालू ठेवणाऱ्यासाठी कोणी केक आणत नाही. पुलांचंही तसंच आहे.

आपल्याकडचा सावित्री नदीवरचा महाडजवळचा पूल आठवा. तोही दगडी कमानींचा, ब्रिटिशकालीन. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसकट वाहून गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, त्याचं कौतुकही झालं. व्हायलाच हवं. पण जुन्या पुलाच्या पायाशी दरवर्षी उतरून बघणारा माणूस कोण, हा प्रश्न पूल पडायच्या आधी विचारायचा असतो. रेगेन्सबुर्गने तो बाराव्या शतकात विचारला आणि त्या माणसाला पदही दिलं.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या गावच्या जुन्या पुलाच्या कमानी एकदा खालून बघा. दगडांच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवलंय का? त्याची मुळं सांधे फाकवतात. दिसलं तर फोटो आधी नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पाठवा, रील नंतर. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!