रपट्यापर्यंतचे वीस तास

१२ जुलै २०२२ रोजी नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यातल्या नांदा गावाजवळ पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एक स्कॉर्पिओ वाहून गेली. आतल्या कुटुंबातल्या माणसांचे जीव गेले. अशी बातमी नेहमी गाडी पाण्यात उतरते तिथून सुरू होते. त्याआधीचे तास कोरडे असतात आणि कोरड्या तासांची बातमी होत नाही.

खालचा घटनाक्रम अशाच कोरड्या तासांचा आहे. त्यातले चार मित्र, त्यांची गाडी आणि तो रविवार कल्पित आहे. बुलढाणा जिल्हा, त्याचे डोंगर, नियम आणि पाण्याचा हिशेब मात्र खरा.

शनिवार, रात्री ९.०० (२० तास बाकी)

बुलढाण्यात, एका घराच्या गच्चीवर. जुलैचा दुसरा पंधरवडा. नवी फोर बाय फोर घेऊन दोन महिने झालेत आणि लिव्हर अजून एकदाही ‘लो’मध्ये पडलेला नाही. उद्या कुठे जायचे, एवढाच प्रश्न.

पहिला पर्याय बोथ्याच्या जंगलाचा. बुलढाणा–खामगाव रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला ‘वॉकर’ वाघ तेराशेहून अधिक किलोमीटर चालून २०१९च्या अखेरीस याच जंगलात आला होता. “पण रस्ता डांबरी आहे बे सगळा.” बाद.

दुसरा लोणारचा. उल्केने केलेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, पावसाळ्यात काठ हिरवागार. “शाळेच्या सहलीत पाहिलंय.” बाद.

तिसरा अंबाबरवा. संग्रामपूर तालुक्यातलं सातपुड्याचं अभयारण्य, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे स्वतःची गाडी घेऊन मनाला येईल तसं हिंडता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. “कोण त्या भानगडीत पडतं!” बाद.

उरली चौथी वाट: जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांकडे चढणारी एक कच्ची वाट. फाटक नाही, तिकीट नाही, गर्दी नाही. मोबाइलवर तिचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आहे: सोनेरी गवत, धूळ, नाल्यात पांढरे गोटे. ठरलं.

या निवडीत दोन गोष्टी कुणी पाहिल्या नाहीत. व्हिडिओ हिवाळ्यातला होता. उपग्रहाचा नकाशाही बहुतेक ढग नसलेल्या महिन्यांचाच असतो, त्यामुळे नाला त्यात वाळूची फिकट रेघ होऊन दिसतो. ती रेघ वाटेला तीनदा कापत होती आणि परत यायला दुसरी वाट नव्हती. दुसरी गोष्ट फाटकाची. फाटकावर नोंदवही असते. किती गाड्या आत गेल्या, किती बाहेर आल्या, हे कुणीतरी मोजतं. बिनफाटकाच्या वाटेवर मोजणारा नसतो.

झोपण्यापूर्वी एकाने हवामान पाहिलं. बुलढाणा जिल्हा, यलो अलर्ट, ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’. “तुरळक आहे,” तो म्हणाला. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ ही व्याप्ती आहे, जिल्ह्यातल्या पाव भागापर्यंतची. तिथे पाऊस किती पडेल ते ‘जोरदार’ सांगतो: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. तो पाव भाग कोणता, हे अलर्टमध्ये नसतं.

रविवार, सकाळी ६.३० (साडेदहा तास बाकी)

बरोबर येणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्याचा फोन येतो. पोराला ताप आहे, जमणार नाही. आडवाटेला एकट्या गाडीने जाऊ नये, हा या छंदातला पहिला धडा. रुतलेली गाडी ओढायला दुसरी गाडी लागते, आणि माणसाला काही झालं तर गावापर्यंत न्यायलाही तीच. चौघे थोडा वेळ गप्प बसतात. मग कुणीतरी म्हणतं, “आपली फोर बाय फोर आहे ना?”

घरी सांगितलं जातं: “जळगावकडे चाललो, संध्याकाळी येतो.” या जिल्ह्यात जळगाव म्हणजे जामोदचं की खानदेशातलं, हे विचारावं लागतं. कुणी विचारलं नाही.

राजूर घाट उतरताना आभाळ धुतल्यासारखं निळं आहे. बुलढाण्याचा माणूस पावसाचा अंदाज अजिंठ्याच्या डोंगररांगेवर उभा राहून बांधतो. आज जिथे जायचंय तो डोंगर घाटाखालच्या सगळ्या सपाटीपलीकडे, पूर्णेच्या पार आहे. तिथलं आभाळ वेगळं.

सकाळी ९.३० (साडेसात तास बाकी)

नांदुऱ्याचा उंच हनुमान मागे पडला, येरळीच्या पुलावरून पूर्णा ओलांडली, जळगाव जामोदला पोहे झाले. समोर सातपुडा भिंतीसारखा उभा.

या भिंतीच्या पायथ्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. डोंगर खडा, माथ्यावर माती पातळ, खाली बेसाल्ट. पाऊस मुरायला वाव कमी. नाले लहान, पण उतार मोठा. पायथ्याशी ते गोट्यांचा थर टाकतात आणि पुढे पूर्णेच्या सपाट गाळात, खारपाणपट्ट्यात पसरतात. म्हणून वर पडलेला पाऊस खाली फार लवकर पोचतो. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांनी हे पाहिलं. अतिवृष्टीने शेतं खरडून गेली, गावांचे संपर्क तुटले.

पोह्याच्या टपरीवर हा विषय काढला असता तर ज्याच्या-त्याच्याकडे त्या दिवसाची गोष्ट निघाली असती. चौघांनी फक्त रस्ता विचारला.

सकाळी ११.३० (साडेपाच तास बाकी)

पहिला रपटा. रपटा म्हणजे नाल्याच्या तळालगत टाकलेली सिमेंटची पट्टी. कठडा नाही, उंची नाही. पूर आला की पाणी वरून जाणार, हे धरूनच तो बांधलेला असतो. खालच्या अंगाला पाणी पडून पडून खड्डा झालेला असतो, आणि पूर आल्यावर पट्टीची कड दिसेनाशी होते.

आत्ता पाणी पोटरीभर, तळाचे गोटे मोजता येतील इतकं स्वच्छ. गाडी जोरात काढली, दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडाले. शूटिंग नीट आलं नाही म्हणून पुन्हा एकदा. इथून पुढे चौघांच्या डोक्यात या नाल्याची खोली पोटरीएवढी झाली.

दुपारी १.०० (४ तास बाकी)

आणखी दोनदा नाला ओलांडून गाडी माथ्यावरच्या सपाटीवर. नव्या पानांचा साग, खाली दरीत ढगाची सावली, लांबवर पूर्णेचं खोरं. वाट खरोखरच सुंदर आहे. डबे उघडले जातात. फोनची रेंज पहिल्या रपट्याच्या आधीच गेली होती, आणि त्याचंही बरंच वाटतंय.

त्या वेळी परत फिरले असते तर तिन्ही ठिकाणी पाणी पोटरीभरच मिळालं असतं.

दुपारी २.३० (अडीच तास बाकी)

उत्तरेला ढग काळा झाला. इथे चार टपोरे थेंब. वर, नाल्याच्या उगमाकडे मात्र पडदा लागल्यासारखा पाऊस.

हिशेब साधा आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. या नाल्याचं पाणलोट वीस चौरस किलोमीटरचं धरू आणि तासाभरात साठ मिलिमीटर पाऊस. झाले १२० कोटी लिटर. त्यातलं निम्मं वाहून दोन तासांत खाली आलं, तरी सेकंदाला ८० हजार लिटरच्या वर. पंधरा मीटर रुंद पात्रातून ते सेकंदाला तीन मीटर वेगाने गेलं तर पाणी पुरुषभर उंच होतं. त्यासाठी रपट्यावर एक थेंबही पडावा लागत नाही.

चौघे छत्रीखाली फोटो काढतात.

दुपारी ३.३० (दीड तास बाकी)

परतीच्या उतारावर काळी माती आहे. ओली झाली की ही माती फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा तिने भरल्या की टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकांना ताकद मिळून उपयोग नसतो, कारण चारही चाकं सारखीच घसरतात. गाडी तिरपी होऊन चरात बसली.

गाडीत ओढायचा पट्टा नाही. असता तरी ओढायला दुसरी गाडी नाही. टायरमधली हवा कमी करायची, चाकाखाली गोटे नि फांद्या घालायच्या, असं करत पाऊण तास गेला. गाडी निघाली तेव्हा चौघांनी आरोळी ठोकली. त्या आरोळीत दोन चुका होत्या. गाडी कशातूनही निघते, ही खात्री पटली. आणि गेलेला वेळ भरून काढायची घाई सुरू झाली.

दुपारी ४.३० (अर्धा तास बाकी)

वरच्या दोन ओलांडण्या झाल्या. पहिलीला पाणी गुडघ्याखाली, दुसरीला गुडघ्यापर्यंत. प्रत्येक वेळी गाडी निघाली, आणि प्रत्येक वेळी मागे जायची वाट बंद होत गेली. गाडी आता दोन ओलांडण्यांच्या मधल्या तुकड्यावर आहे. या तुकड्यावर चार-सहा घरांची वस्ती आहे, ही यातली चांगली गोष्ट.

दुपारी ४.५० (१० मिनिटे बाकी)

शेवटचा रपटा. पाण्याचा रंग चहासारखा, वर पालापाचोळा, काटक्या, फेस. तळाशी गोटे गडगडत असल्याचा आवाज येतोय. पूर चढतो आहे, हे सांगणाऱ्या या सगळ्या खुणा. रपट्याची कड दिसत नाही.

बकऱ्या घेऊन थांबलेले एक बाबा म्हणतात, “थांबा भाऊ. वरतं लय पडला. रातीलोक उतरते पानी.”

“किती वेळ लागंन बाबा?”

“तीन-चार घंटे.”

पलीकडे दोन मोटारसायकलवाले थांबलेत, एकाने मोबाइल वर धरलाय. गाडीत चर्चा होते. उद्या सोमवार, एकाची सकाळची ड्युटी. अंधार पडेल. घरचे काळजी करतील आणि रेंज नाही. मागचा हळूच म्हणतो, “थांबू ना.” त्याला उत्तर मिळतं, “आत्ता दोन काढले ना?”

चौघांतला एक जरी खाली उतरून म्हणाला असता, की तुम्ही जा, मी थांबतो, तर गाडी बहुधा हलली नसती. एकाला सोडून तिघे जात नाहीत. हा शेवटचा ब्रेक प्रत्येकाच्या हातात होता.

संध्याकाळी ५.००

लिव्हर ‘लो’वर. गाडी पाण्यात.

पाण्यातून किती खोलवर जाता येतं, याचा आकडा गाडीच्या माहितीपत्रकात असतो. थार या फोर बाय फोरसाठी कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. हा आकडा संथ पाण्यातून सावकाश जाण्याचा आहे. तो इंजिनाच्या श्वासाची काळजी घेतो. गाडी उचलली जाणार नाही, असं तो म्हणत नाही.

चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडीच्या तळाच्या वर पाणी दर दहा सेंटिमीटर चढलं की ती सुमारे सातशे किलोने हलकी होते, आत पाणी शिरेपर्यंत. पावणेदोन टनांची गाडी तरंगायला तळावर वीतभर पाणी पुरतं. पण तेवढीही वाट पाहावी लागत नाही. वजन कमी झालं की टायरची जमिनीवरची पकड कमी होते, आणि बाजूने येणारा धक्का तसाच राहतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो.

रपट्याच्या मध्यावर मागची चाकं खालच्या अंगाला सरकली. चालवणाऱ्याने स्टिअरिंग वरच्या अंगाला वळवलं, पण पुढच्या चाकांखाली आता सिमेंट नव्हतं. कडेचा खड्डा. गाडी कलली, फिरली आणि नाल्याची झाली.

अशा वेळी हातात काही सेकंद असतात. सीटचा पट्टा सोडायचा, वीज जाण्यापूर्वी काच खाली करायची, खिडकीतून छतावर यायचं. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. आडवाटेला निघणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम पाठ करावा. तरीही तो पाठ असणं हे पाण्यात उतरायचं कारण होऊ नये.

त्यानंतर

पुढचं घड्याळ दुसऱ्यांचं. पलीकडचा मोटारसायकलवाला रेंज मिळेपर्यंत खाली पळतो आणि ११२ लावतो. पोलीस, तहसील, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष अशी साखळी हलते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांचे तळ धुळे आणि नागपूर इथे आहेत. दोन्हींहून सातपुड्याच्या या कोपऱ्यात यायला कित्येक तास लागतात. तोवर शोधणारे असतात ते गावातले पोहणारे, दोरखंड नि ट्रॅक्टर घेऊन. घरचे ‘जळगाव’ कोणतं यावर फोन करत असतात.

बाबांचा अंदाज अनुभवाचा होता. असे नाले जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर उतरतात, कारण मागे पाणी धरून ठेवणारं काही नसतं. थांबण्याची किंमत होती वस्तीवरचा भाकरीचा तुकडा, घरच्यांची बोलणी आणि सोमवारची एक रजा. वीस तासांत चौघांसमोर आलेल्या सगळ्या पर्यायांत तोच सर्वांत स्वस्त होता, आणि पाच वाजेपर्यंत उपलब्धही.