मृत वीराची तक्रार : वीरगळ आणि जपानी ठसाचित्रे

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे मंदिर ज्या यादवकाळाची साक्ष देते, त्याच काळात महाराष्ट्रात वीरगळांची परंपराही भरास आलेली दिसते. मारुतीच्या देवळाजवळ वा वेशीपाशी आढळणाऱ्या या शिळेची रचना साधारणतः ठरलेली असते. तळाशी पडलेला वीर व पुष्कळदा त्याच्या मृत्यूचे कारण सुचविणाऱ्या गाई, त्यावर युद्धप्रसंग, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, आणि शिरोभागी शिवलिंगाची पूजा व चंद्रसूर्य. ही शिळा खालून वर वाचावयाची असते. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही. वीर कोण, त्याला कोणी मारले, याविषयी शिळा मौन पाळते. तो शिवलोकी पोचला एवढेच ती सांगते.

या मौनाचा अर्थ जपानी ठसाचित्रांशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होतो. उतागावा कुनियोशी (१७९७–१८६१) याच्या एका त्रिपट चित्रात, ११८५ मध्ये दान-नो-उराच्या लढाईत नष्ट झालेल्या ताइरा वंशाचे योद्धे भुते होऊन योशित्सुनेची नौका घेरतात. मृत्यूनंतरच येथे कथा सुरू होते. त्याच्या १८४३ च्या चित्रात आजारी योरिमित्सुच्या मागे भुतांची झुंड उसळते. तेन्पो सुधारणांनी (१८४१–४३) नटांच्या व गणिकांच्या चित्रांवर निर्बंध घातले होते. एदोच्या रसिकांनी त्या भुतांमध्ये सुधारणांनी नागवलेली माणसे ओळखली आणि प्रकाशकाने धास्तीने चित्र मागे घेतले.

या फरकाला दोन संस्कृतींचा स्वभावभेद म्हणणे सोपे, पण चुकीचे ठरेल. ९४० मध्ये मारला गेलेला बंडखोर ताइरा मासाकादो कोपू नये म्हणून जपाननेही त्याला देवत्व दिले. एदोच्या कांदा देवस्थानात त्याची पूजा होत आली. दंतकथेतील त्याच्या कन्येने मंत्रबळाने उठविलेला प्रचंड सांगाडा कुनियोशीने १८४४ च्या सुमारास चितारला. देवस्थान ज्याला शांत करते, त्याची अशांती बाजारात विकले जाणारे चित्र पुन्हा जागी करते. वीरगळ देवस्थानाच्या बाजूचा आहे, कारण तो उभारणाऱ्यांना मृताच्या शेजारीच नांदावयाचे असते.

परंतु ही शांती पुरी नसते. लोकपरंपरेत ‘वीर’ हे मृत पूर्वजाचेही नाव आहे. देवघरातील टाकावर तो विराजतो, होळीनंतर नाशिकात मिरवला जातो, आणि त्याची हेळसांड झाली तर तो घराला बाधतो अशी श्रद्धा असते. एस. सेट्टर व गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या स्मृतिशिळाविषयक ग्रंथानंतर शिळा आणि उपासना यांना वेगळे ठेवणे अभ्यासकाला परवडणारे नाही. वीरगळाला केवळ शौर्याचे स्मारक मानणारे वाचन शिळेच्या मौनालाच प्रमाण मानते. कोणाच्या गाईंसाठी कोण मेला, हा प्रश्न शिळेने मिटविला. दरवर्षीच्या नैवेद्याने तो उघडा ठेवला आहे.